खुडूक

मला गावात खुडूक म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या गावात पाठीमागचं बोलणं पुढच्या दाराने घरात यायला वेळ लागत नाही. कोंबडी अंडी द्यायची थांबते, अंग फुगवून एका जागी बसून राहते, जवळ गेलं की गुरगुरते, हात लावला की टोचते. ती खुडूक. माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि मी नवऱ्याचं घर सोडून पनवेलकडच्या कोन गावाजवळ माझ्या माहेरी येऊन राहिले होते. ना अंडं ना पिल्लू, बसलीय आपली एका जागी. म्हणून मी खुडूक.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी हळहळायला नको. मला कुणी हाकललं नव्हतं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि त्यात काही निघालं नव्हतं. "आता तुमच्या करू," म्हटल्यावर नवरा भरल्या ताटावरून उठला आणि सासू म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नसतं." त्यानंतरही दोन वर्षं मी सांगतील ते उपास करत होते. एके दिवशी उपासाची खिचडी परतता परतता माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला, बॅग भरली, खिचडी कढईत तशीच ठेवली आणि निघाले. आजही कुणी विचारलं तर मी 'उठून आले' असंच सांगते.

ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. वडील गेले होते. घरात आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. जुनं घर पाडून दादाने स्लॅबचं बांधलं होतं आणि त्याचं सगळं डबर मागच्या परसात टाकलं होतं. विटांचे तुकडे, फुटकी कौलं, सिमेंटची गोणी दगड होऊन पडलेली. आल्यावर पहिले काही महिने मी त्या परसाच्या पायरीवर बसून रडायचे. मग रडायचाही कंटाळा आला. एका सकाळी उठले आणि डबर उपसायला लागले. हाताला फोड आले, पण इतक्या वर्षांत मनासारखं केलेलं ते पहिलं काम होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्या परसात भेंडी होती, गवार होती, लाल माठ होता, मिरची होती आणि मांडवावर शिराळी आणि कारली चढली होती. बी पनवेलच्या बाजारातून आणलं, खत गावातल्या शेजारणीच्या गोठ्यातून. मोरीचं पाणी पन्हळ लावून वळवलं. चुलीची राख पानांवर टाकायची, म्हणजे कीड धरत नाही. शिवाय चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांच्यापासून वाफे वाचवायला जुन्या मच्छरदाणीचं कुंपण केलं होतं, कारण कोंबडीला पेरलेलं बी कुठे आहे ते पेरणाऱ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. आई म्हणायची, "कशाला राबतेस त्या दगडात?" आणि रोज तीच भेंडी चिरायची. वहिनी पनवेल शहरातली. परसात पाय टाकताना नाकाला ओढणी लावायची, पण तिच्या माहेरी पिशवी जायची ती माझ्याच शिराळ्यांची. मला त्याचं काही नव्हतं. पिकलं तर वाटायचंच.

मला खुपायचं ते वेगळंच. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायची, याला आमच्याकडे अंडी बसवणं म्हणतात, आणि अंडी बसवायची ती लेकुरवाळ्या बाईने. मूल नसलेल्या बाईचा हात लागला तर अंडी नासतात, ही आमच्या आईची ठाम समजूत. म्हणजे खुराडं मी साफ करायचं, दाणे मी टाकायचे, पेंढ्याची टोपली मी भरायची, आणि अंडी ठेवायच्या वेळी मात्र मी बाजूला व्हायचं आणि वहिनीला हाक मारायची. ती बिचारी नाक मुरडत यायची, दोन बोटांनी एकेक अंडं उचलून टोपलीत ठेवायची आणि लगेच साबणाने हात धुवायची. मी पायरीवर उभी राहून बघायचे. नऊ वर्षांत सासरी जेवढं ऐकून घेतलं, त्यापेक्षा त्या पायरीवर उभं राहणं मला जास्त लागायचं.

त्या वर्षी चैत्रात तांबडी कोंबडी खुडूक बसली. वहिनीने अकरा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी दोन पिल्लं निघाली. बाकीची नऊ नासली. फोडली तर घरभर वास सुटला. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टोपली कोनी उचलली होती?"

"मी. सावलीत ठेवायला."

"तरीच."

एवढंच बोलली. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच.

दोन दिवसांनी दुधाची पिशवी ठेवायला फ्रीज उघडला, तर दारातल्या खाचांमध्ये कोंबडीचं एक पीस चिकटलेलं. मी वहिनीला विचारलं. ती सहज म्हणाली, "अहो ताई, तुम्ही त्या कोपऱ्यात भुश्यात ठेवली होती ना अंडी, तिथे मुंग्या लागत होत्या. म्हणून मी पंधरा दिवस फ्रीजमध्ये ठेवली. चांगली राहावीत म्हणून. बसवायच्या दिवशी काढली की बाहेर." फ्रीज घरात नवाच होता. दूध त्यात, लोणी त्यात, देवाचे हारसुद्धा त्यात. तिचा काही वाईट हेतू नव्हता, हे मलाही कळत होतं. दोन पिल्लं निघाली तीसुद्धा बहुतेक शेवटी शेवटी घातलेल्या ताज्या अंड्यांतली.

मी धावत आईकडे गेले. सगळं सांगितलं. आई शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली, "अंड्याला काय थंडी वाजते? फ्रीजचं काय नाय. हात लागला तुजा."

मला इतका संताप आला की समोरचं सूप उचलून फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, तांदूळ होते.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, उरणकडे दिलेली. तिच्या ओळखीत एक बिजवर होता, बायको वारलेली, दुकान होतं, दोन मुलं होती. माणूस वाईट नव्हता, हे आजही सांगते. मी त्याला कधी पाहिलंसुद्धा नाही. पण आईने ज्या शब्दांत ते मला सांगितलं ते शब्द वाईट होते. "दोन तयार पोरं मिलतील गो. पदर भरलेला दिसंल. लोकांची तोंडं बंद होतील." दादाने पेपर तोंडापुढे धरला होता, तो खाली केला नाही. वहिनी म्हणाली, "विचार करा ताई." म्हणजे सगळ्यांचा विचार झालेला होता, माझाच तेवढा बाकी होता.

कोंबडीची खुडूक मोडायची असेल तर काय करतात माहीत आहे? तिला पाण्यात बुचकळतात. तिचंच एक पीस उपटून तिच्या नाकपुड्यांतून आडवं घालतात, म्हणजे ती त्या पिसाच्या मागे लागून बसायचं विसरते. माझी खुडूक मोडायची ही तयारी चालली होती, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते. उन्हाळा संपायच्या आत मला त्या घरातून, त्या परसातून उठवायचं होतं. आणि मला तिथेच राहायचं होतं. दुसरं काहीही मागणं नव्हतं माझं.

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं. मी म्हटलं, "ठिपक्यांची कोंबडी खुडूक बसलीय. अंडी मी बसवणार. माझ्या हाताने. नासली तर तुझं खरं, सांगशील तिथे जाईन. पिल्लं निघाली तर या घरात परत त्या माणसाचं नाव काढायचं नाही."

आईने तांदळातला खडा काढून बाहेर टाकला. "शब्द दे."

"दिला."

मी बारा अंडी निवडली, सगळी त्या आठवड्यातली, एकही फ्रीजमध्ये न गेलेली. आई दारातून म्हणाली, "बारा नको. तेरा ठेव नायतर अकरा. विषम लागतात." मी बाराच ठेवली. वहिनीने नाकावरची ओढणी काढून ते बघितलं. कोळशाने प्रत्येक अंड्यावर मी एक रेघ ओढली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच अंडं घातलं तर ओळखू यावं. ठिपकीने अंग फुगवलं, चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढलं आणि डोळे अर्धे मिटून घेतले. तिला कुणाच्या हाताचं काही पडलेलं नव्हतं.

सोळा दिवस सगळं ठीक होतं. रोज एकदा ती उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, परत बसायची. मी तिच्यासमोर पाण्याची वाटी ठेवायचे आणि पुढचा सगळा वेळ वाफ्यांत. माठ खुडायचा, मिरचीची आळी मोकळी करायची, शिराळ्याचे वेल मांडवावर वळवायचे. पहिल्या खेपेची ती दोन पिल्लं मच्छरदाणीखालून वाफ्यात शिरायची आणि मी त्यांच्या मागे. आई लांबून बघायची. आम्ही दोघी मनातल्या मनात दिवस मोजत होतो.

सतराव्या दिवशी शेजारच्या घरी हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दुपारीच डीजे आला आणि त्याच्या पेट्या नेमक्या आमच्या परसाच्या भिंतीला टेकून रचल्या. मी जाऊन सांगितलं, "अहो, जरा पलीकडे लावा ना, कोंबडी बसलीय." नवरदेवाचा काका हसला. "खुडूक बसलीय का गो?" आजूबाजूचे सगळे हसले. कोंबडीला कुणी हसत नव्हतं. पहिला दणका बसला तशी खिडकीची काच थरथरली, आणि ठिपकी किंचाळत टोपलीतून उडाली ती थेट पेरूच्या झाडावर. दोन अंडी तिच्या पायाखाली फुटली. आत जवळजवळ पूर्ण झालेली पिल्लं होती. त्यांच्याकडे मला बघवलं नाही.

काठीने खाली काढली, टोपलीवर ठेवली, ती परत उडाली. तिची खुडूक मोडली होती.

मी उरलेली दहा अंडी पदरात घेतली आणि माझ्या खोलीत आले. टोपलीत पेंढा, त्यावर जुनी गोधडी, वर साठचा बल्ब टांगला. मे महिना, खोलीत तसाही भट्टीसारखा उकाडा. पण तेव्हा दिवसातून चार-पाच तास लाइट जायची, केव्हा जाईल त्याचा नेम नाही, म्हणून मी खोली सोडतच नव्हते. लाइट गेली की मी खाटेवर भिंतीला टेकून बसायचे आणि ती दहा अंडी पोटाशी धरून वर गोधडी ओढून घ्यायचे. घाम पाटाला पाणी सोडल्यासारखा वाहायचा. उठायचं नाही, कूस वळायची नाही, फक्त अंडी मधून मधून हाताने फिरवायची. सतराव्या दिवसाची संध्याकाळ, मग अठरावा, मग एकोणिसावा.

वहिनी जेवणाचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! ताई, तुम्ही तर खरोखरच..." पुढचा शब्द तिने गिळला.

"बोल की. खुडूक बसलेय."

ती हसली नाही. ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "वारा घालू का? नको ना, अंड्यांना लागेल." आणि बाहेर जाऊन मुलांवर ओरडली, दार उघडं टाकू नका म्हणून. फ्रीजवालीकडून एवढं आलं, मला पुष्कळ झालं.

विसाव्या दिवशी सकाळी आई खोलीत आली. बसली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. "उद्या वन्संचा फोन येल. काय सांगू?"

तीन दिवस एका जागी बसून माणसाला विचार करायला वेळ मिळतो. तोपर्यंत माझं स्वतःलाच शिव्या घालून झालं होतं. कुठल्या तिरमिरीत मी माझं राहणं-जाणं बारा अंड्यांवर लावलं? डीजेची पेटी भिंतीला टेकली म्हणून मी अनोळखी माणसाच्या घरी नांदायला जायचं? आणि पिल्लं निघाली, तरच काय मी त्या घरात राहायच्या लायकीची ठरणार होते?

"आई," मी म्हटलं, "पिल्लं निघोत नाहीतर सगळी नासोत. मी जाणार नाही."

"शब्द दिलेलास तू."

"दिला होता. मोडते. चुकीचा होता. माझ्या हाताला काही झालेलं नाही आणि नसेल झालं मूल तर नसेल. मला तयार पोरं नकोत. मला माझी भेंडी आहे, कोंबड्या आहेत, मला इथे राहायचंय. जेवायला घालायचं जड होत असेल तर सांग, परसात झोपडी बांधून राहीन. पण उठणार नाही."

हे सगळं मी घामाने निथळत, पोटाशी दहा अंडी धरून, हलता न येता बोलले. ओरडायचंसुद्धा हळू, अंड्यांना हिसका बसू नये म्हणून. आईने ऐकलं. गेली. मोरीत हंडा आपटल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, झालं, आता दादाला सांगायला गेली. मग बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मी मान लांब करून खिडकीतून बघितलं. तीन दिवस मी परसात गेले नव्हते. माठाने मान टाकली होती, भेंडीची पानं लोंबत होती. आई साडी खोचून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, माझ्या एकेका आळ्यात तांब्याने पाणी घालत होती. दगडात राबतेस म्हणणारी माझी आई! मला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

एकविसावा दिवस उजाडला. दुपारचे बारा वाजले, एकाही अंड्याला टिचकीएवढी चीर नाही. आई कोमट पाण्याची परात घेऊन आली आणि खाली फतकल मारून बसली. आमच्याकडची ही जुनी पद्धत. शेवटच्या दिवशी अंडं कोमट पाण्यात सोडायचं. आत जीव असेल तर ते आपोआप डुचमळतं, नसेल तर लाकडासारखं पडून राहतं. आईने हात पुढे केला. मी पहिलं अंडं दिलं. तिने पाण्यात सोडलं. पडून राहिलं. दुसरं. तेही तसंच. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. आईने सहाही अंडी एकेक करून बाजूच्या कापडावर ठेवली. वहिनी दारात उभी होती.

तेवढ्यात दादाचा मोबाइल वाजला. तो घरी विसरून गेला होता. वहिनीने नाव बघितलं. "आत्या आहेत."

आईने ओला हात पदराला पुसला आणि फोन घेतला. मोबाइलवर बोलायचं म्हणजे उरणपर्यंत थेट ऐकू जायला हवं, अशी तिची समजूत होती, त्यामुळे ती जे बोलली ते आख्ख्या आळीने ऐकलं.

"हां वन्सं. नाय, नाय येत ती. त्यांना सांगा दुसरी बघा. काय करते म्हंजे? खुडूक बसलेय माजी पोर. हां, खुडूकच. उठायची नाय. आनि कोनी उठवायला आलं ना, तर आधी मी टोचीन."

फोन वहिनीच्या हातात देऊन ती परत परातीसमोर बसली. चार अंडी राहिली होती. तिने हात पुढे केला नाही. परात माझ्याकडे सरकवली. "तू सोड."

मी सातवं सोडलं. पडून राहिलं. आठवं सोडलं. क्षणभर तेही तसंच, आणि मग ते जरासं डुललं, थांबलं, परत डुललं, आणि पाण्यावर एक बारीक गोल उठला. वहिनी ओरडली, "हललं, ताई, हललं!" नववं हललं. दहावंही हललं. दुसऱ्या दिवशी त्यातून तीन पिल्लं निघाली आणि महिन्याभरात त्यांनी माझा अर्धा माठ उकरून खाल्ला, पण ते नंतरचं.

तेव्हा मी माझ्या हाताकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं, मी आता काहीतरी भलतंच समजून बसेन.

"हाताचं काय नाय हां गो," ती म्हणाली. "आत जिवंत होतं म्हनून हललं."

"तेच तर," मी म्हटलं, "महिनाभर बोंबलून सांगतेय मी तुला."